करदाते नाना

तुमच्या सोसायटीतल्या नानांना मी ओळखत नाही, पण एप्रिल-मे चालू असेल तर ते आत्ता काय करतायत ते सांगू शकतो. चष्मा कपाळावर ढकलून मिळकतकराचं बिल वाचतायत.

आमचे नाना पुण्यातले, म्हणजे बिलाशी भांडतात. एकूण रकमेशी त्यांचं वैर नाही, लढाई रकान्यांशी. ‘‘अग्निशमन कर भरतोय, आणि तीस वर्षांत घरात साधं दूध करपलं नाही!’’ यात अभिमान किती आणि हळहळ किती, देव जाणे. लवकर कर भरून सर्वसाधारण करात ५-१० टक्के सवलत पदरात पडली की घरी शिरा होतो, आणि तुपाचा खर्च त्या सवलतीतून वजा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी व्यवसाय कराचा राग ताजा आहे. ‘‘अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे! अहो, महिना अठ्ठावीस दिवसांचा!’’ वर्षाचे अडीच हजार जुळवायला शेवटचे शंभर लागतात, हे त्यांना कळतं. पटत नाही.

पण लाडका रकाना एकच: वृक्ष कर. फाटकासमोरचा गुलमोहर आपल्याच पैशावर जगतो, अशी नानांची ठाम समजूत. सावलीत कुणी स्कूटर लावली की चौकशी, ‘‘कर भरता ना?’’ वरातीतल्या घोड्यानं खाली आलेल्या फांदीचा पाला ओरबाडला, तर यांनी बँड थांबवून वरपित्याला गाठलं. पावसात एक फांदी पडली त्या दिवशी सुतक असल्यासारखे वावरले. संध्याकाळी ती फांदी घरी नेली. कोकिळेबद्दलही त्यांचं मत बरं नाही. फुकट राहते.

घरातही हाच कारभार. एक तारखेला अंदाजपत्रक मांडायचं: दूध, गॅस, मेंटेनन्स, औषधं, वीज. त्यात वीजबिलातल्या ‘स्थिर आकारा’वर स्वतंत्र भाषण, कारण मेन स्विच बंद करून महिनाभर कोकणात राहिले तरी तो जागचा हलला नव्हता. काकूंनी एकदा ‘किरकोळ’ असा रकाना मागितला होता. मागणी फेटाळली गेली. रकाना नाही तो खर्च नाही.

असा माणूस टाळावा, आणि मी टाळतही होतो. पण २०२३ मध्ये राहत्या घराची मिळकतकरातली ४० टक्के सवलत परत सुरू झाली, आणि ज्यांची गेली होती त्यांनी पुराव्यांसकट पीटी-३ अर्ज भरायचा होता. अर्ध्या सोसायटीला पत्ता नव्हता. गुडघे धरत, चार मजले चढत नाना दारोदार फिरले. रेशनकार्ड काढा, गॅसचं पुस्तक काढा, सही इथे. माझाही अर्ज त्यांनीच भरला. माझ्या अक्षरावर बोलले, आणि जाताना पेन घेऊन गेले.

पेन आणायला गेलो तर टेबलावर अंदाजपत्रकाची वही उघडी होती. दर महिन्याला एक नोंद: ‘वृक्ष कर, ६०० रु.’ मी चक्रावलो. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातूनच हळू आवाजात सांगितलं, ‘‘धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीचा क्लास आहे. दहावीला आहे ती.’’

एवढ्यात नाना आले. मी विचारलं, ‘‘नाना, वृक्ष कर दर महिन्याला?’’

‘‘हप्त्यानं भरतो,’’ वही मिटत ते म्हणाले. ‘‘लवकर भरला तरी यात सवलत नाही.’’