कंट्रोल

करमाडात त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. जालना रोडवरच्या एका लॉन्सवर ते बंदोबस्त बघतात. बंदोबस्त म्हणजे गेट, पार्किंग, जनरेटर आणि घोड्यावरून उतरलेला नवरदेव मंडपात वेळेवर पोचवणं. हाताखाली पाच पोरं, पाचांच्या हातात पाच वॉकी-टॉकी, सहावा यांच्या कमरेला. ‘कंट्रोल बोलतोय’ म्हटल्याशिवाय सेटवर चहासुद्धा मागवत नाहीत, म्हणून ते कंट्रोल. काकूही दुकानात फोन करून विचारतात, “कंट्रोल आलेत का तिकडं?”

तिकडं म्हणजे माझ्याकडं. स्टेशनच्या रस्त्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. शेंद्र्याची एमआयडीसी जवळ आल्यापासून गावात पैसा आला, पैशामागून लॉन्स आले, लॉन्समागून सेट आले आणि बिघडलेले सेट माझ्या काउंटरवर आले.

काही माणसांना वस्तू विकत घेऊन ती आपली वाटत नाही; तिला काहीतरी लटकवावं लागतं. आमचे कंट्रोलकाका त्यातले. मोटारसायकलला लेगगार्ड, लेगगार्डला दिवा, दिव्याला जाळी, जाळीला लिंबू-मिरची. मोबाईलला कव्हर, कव्हरला रिंग, रिंगेला दोरी, आणि दोरी गळ्यात. चष्म्यालाही दोरी आहे. दोन्ही दोऱ्यांचा गुंता झाला की फोन कानाला लावताना चष्मा वर येतो.

सेट आला तेव्हा नुसता होता बिचारा. महिन्याभरात त्याला चामडी कव्हर चढलं. मग मूळचं बोटभर एरियल जाऊन हातभर आलं. एकदा माझी जीभ घसरली. दुसऱ्या महायुद्धात वॉकी-टॉकी हे नाव पाठीवर बांधायच्या सेटला मिळालं होतं, हातात धरायच्या सेटला हँडी-टॉकी म्हणत आणि त्याचं एरियल ओढून लांब केलं की तो चालू व्हायचा, असं मी बोलून गेलो. काका गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, “पाठीवरचा कुठं मिळंल?”

तो मिळाला नाही, म्हणून खांद्यावरचा माईक आला. पिळाची काळी वायर, मागं चिमटा, बाजूला बोलायचं बटण. सिनेमातल्या पोलिसासारखी मान खांद्याकडं वळवायची आणि बोलायचं. ती मान वळवायची तालीम त्यांनी माझ्या दुकानातल्या आरशात केली, दोन गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून.

आठवड्यात तक्रार आली. “भाऊ, सेटला टावर लागत नाही.”

सेटला टॉवर नसतो, हे मी त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. माईक काढला, बोलून पाहिलं. सेट टकाटक. माईक लावला की दाबलेलं नसतानाही वरचा दिवा लाल, आणि समोरच्याचा आवाज गायब.

“काका, माईक लावल्यावरच होतंय.”

“माईक कामून आसंल? माईक तर नवा हाये!”

या युक्तिवादापुढं माझी वीस वर्षांची विद्या गप्प बसते. बिघाड जुन्या वस्तूत असतो, दुसऱ्याच्या वस्तूत असतो, सरकारात असतो. आपण परवाच हौसेनं आणलेल्या वस्तूत तो असूच शकत नाही. मग काकांनी गुन्हेगार शोधायला घेतले. बॅटरी बदलली. चॅनेल बदललं. ढगाळ हवेवर आळ घेतला. रेल्वेच्या विजेच्या तारांवर तर त्यांचा खास राग. “वंदे भारत सुरू झाली अन् माझा सेट बंद पडला.” जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली 2023 च्या डिसेंबरात, माईक आला तो त्यानंतर कितीतरी लग्नसराया उलटल्यावर. पण पंचवीस हजार व्होल्ट म्हटल्यावर आरोपी तगडा वाटतो. दोन बोटांच्या पिनेवर आळ घेण्यात काय शोभा?

“परवान्याचं काय केलंत?” मी मध्येच विचारलं. एवढ्या ताकदीच्या सेटला परवाना लागतो, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधल्या कमी ताकदीच्या सेटलाच सूट आहे. 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं असे सेट बिनधास्त विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना नोटिसाही काढल्या. काकांनी खिशातून परवाना काढून दाखवला. मोटारसायकलचा.

सेट ठेवून जा म्हटलं, तर लग्न आहे म्हणाले, आणि माईकसकट गेले.

त्या लग्नात मी जेवायला होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. काकांनी मानाचा म्हणून एक सेट वधूपित्याच्या हातात दिला होता. एक आचाऱ्याकडं, बाकीचे पोरांकडं. काकांचा सेट कमरेला, वरून जाकीट, जाकिटाखाली लाल दिवा पेटलेला. सेट बोलत असताना ऐकू शकत नाही, आणि एक जण चॅनेल धरून बसला की बाकीच्यांचं काही चालत नाही. फार वेळ बोलल्यावर सेट आपोआप तुटावा अशी सोय असते. ती काकांनी कधीच बंद करून ठेवलेली, “बोलणं मधीच तुटतं” म्हणून.

मंगलाष्टकांच्या आधी वीसेक मिनिटं करमाडच्या त्या लॉन्सवर एकच केंद्र चालू होतं. गेटवरची पोरं बोंबलत होती की वऱ्हाडाची बस उलट्या बाजूनं घुसली आहे. काका माझ्याशेजारी उभे राहून म्हणत होते, “बघा, आज पोरं कशी शिस्तीत हायेत. एक आवाज नाही.” मग जनरेटरच्या डिझेलचा हिशेब. मग नवरदेवाच्या मामाबद्दल दोन वाक्यं, जी इथं छापता येणार नाहीत. मग समोरून आचारी आला. त्याचा सेट तिकडं चुलीजवळ. काका हळूच त्याला म्हणाले, “मठ्ठ्यात आजून दोन बादल्या पाणी सोड. पोरीच्या बापाला काय कळतंय?”

पोरीचा बाप सेट कानाला लावून मंडपाच्या दारात उभा होता. तो शांतपणे चालत चुलीकडं गेला आणि मठ्ठ्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसला. मंगलाष्टकांना त्याला उचलून आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सेट काउंटरवर आला. या माईकला दोन पिना असतात, एक जाड, एक बारीक. दोन्ही मुळापर्यंत जायला हव्यात. काकांच्या चामडी कव्हरची कड नेमकी तिथं आडवी येत होती. तांदळाच्या दाण्याएवढी फट. पिना अर्ध्यावर भलतीकडंच टेकत होत्या, सेटला वाटत होतं बटण दाबलंय. कव्हर काढलं, अंगठ्यानं दाबलं, ‘टक्’ झालं. दिवा विझला. मी बटण दाबून ‘हॅलो’ म्हटलं, सोडलं; दिवा तसाच पेटलेला. आता हातभर एरियल आणि त्याला बिलगलेली माईकची वायर. एरियलमधून निघालेला जोर वायरीत शिरत होता आणि सेट स्वतःच्याच आवाजानं भांबावत होता. मेनूत जाऊन पॉवर कमी केली. दोन एकरांच्या लॉन्सला ती भरपूर झाली.

“काय केलं?”

“लो वर टाकला.”

काका उठून उभे राहिले. “लो? कंट्रोल लो वर बोलणार?”

मग मी पर्याय ठेवले. कव्हर काढा आणि जुनं एरियल लावा, नाहीतर माईक सोडा. पोरीच्या लग्नात दागिना मोडायला सांगावा तशी त्यांनी तिन्ही वस्तूंवरून नजर फिरवली. काही न बोलता सगळं गोळा करून गेले.

परवा पुन्हा लग्न होतं. सेट कव्हरात, एरियल हातभर, माईक खांद्यावर. मी वाकून पाहिलं, तर पिळाची वायर सेटपर्यंत जातच नव्हती. तिचं टोक पँटच्या खिशात होतं. काकांनी मान वळवली, बटण दाबलं आणि असे ओरडले की मांडवातली कबुतरं उडाली, “कंट्रोल बोलतोय! गेट नंबर दोन, ती इनोव्हा मागं घ्या!”

गेटवरून पोरानं दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून सांगितलं, “रॉजर, काका!”