ज्वारीची समांतर जलवाहिनी

सोलापुरात 'जलवाहिनी' हा शब्द एकटा कधीच येत नाही. त्याच्या मागे उजनी असते आणि पुढे 'समांतर'. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र तो वनस्पतीच्या पोटात सापडतो. जलवाहिन्या मुळाकडचे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार वर नेतात, रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर लागेल तिकडे पोचवतात, आणि दोघी एकमेकींना खेटून चालतात. म्हणजे ज्वारीच्या ताटात समांतर जलवाहिनी पहिल्या दिवसापासून आहे, तीही विनानिविदा. आता, पाणी खेचण्याच्या बाबतीत सोलापूरकराला कुणी चार गोष्टी शिकवाव्यात हे मला मुळात सोसत नाही. नळाला दिवसाआड नव्हे, दिवसांआड पाणी, आले की पहिल्यांदा नुसती हवा फुसफुसते, मग मोटार. एवढ्या अनुभवावर मी स्वतःला निम्मा जलतज्ज्ञ मानत आलो. पण मालदांडी ज्वारीचा हिशोब मांडून पाहिला की मान खाली घालावी लागते.

हिशोब असा. वर बसवलेली मोटार पाणी ओढते असे आपण म्हणतो. खरे तर ती नळीतली हवा काढते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटर चढवतो. पुढे मोटार कितीही एचपीची असो, नुसती ओरडते. ज्वारीचे ताट तर दहा मीटर उंच नसते, मग त्यात काय मोठे? मोठे आहे ते जमिनीत. रब्बीची ज्वारी परतीच्या पावसावर पेरतात आणि पुढे ती जवळजवळ सगळी काळ्या मातीतल्या ओलीवर वाढते. भेगा पडू लागलेली ती माती उरलेले पाणी असे घट्ट धरते की ते सोडवायला हवेच्या दाबाच्या पंधरापट ओढ लागावी. ही ओढ लावते कोण? पान. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, पेशींच्या भिंतींतल्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत वळतो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांचा हात सोडत नसल्यामुळे तो ताण थेट मुळापर्यंत पोचतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी हे 1894 मध्ये मांडले. वीजबिल सूर्याच्या नावावर.

यावर आक्षेप येतात. मुळे खालून पाणी ढकलतच असतील की! ढकलतात, पहाटे पानाच्या कडेला दिसणारे कित्येक थेंब दवाचे नसून त्या मूळदाबाचे असतात. पण तो जोर रात्रीचा, आणि ओल मुबलक असेल तरच. भर दुपारी, कोरड्या रानात, त्याच्या भरवशावर ताट उभे राहणार नाही. दुसरा आक्षेप माझ्या देशाभिमानाचाच आहे. जगदीशचंद्र बोस यांनी 1923 च्या आपल्या पुस्तकात म्हटले की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर चढवतात. हे खरे ठरावे असे मला मनापासून वाटते. पण त्याच्या बऱ्याच आधी स्ट्रासबुर्गर या जर्मन शास्त्रज्ञाने उंच झाडाला विष पाजून खोडातल्या पेशी मारल्या होत्या, तरी पाणी चढतच राहिले. जलवाहिनी मेलेल्या पेशींचीच असते. मेलेल्या नळ्यांतून इतके सुरळीत पाणी जाते हे वाचून कोणत्याही शहराला हेवा वाटावा.

रसवाहिनीकडे वळताना हुरड्यावर थांबणे भाग आहे, आणि मी घाईत नाही. हुरडा म्हणजे रसवाहिनीने नुकती आणून टाकलेली, अजून पुरती पिठूळ न झालेली साखर. पानातून निघालेला गोडवा कणसात पोचला, पण दाण्याने त्याचे स्टार्च अजून पुरते केलेले नाही, अशा मोजक्या दिवसांत कणीस आरावर भाजून तळहातावर चोळायचे, फुंकर घालून कोंडा उडवायचा आणि शेंगाचटणीबरोबर खायचे. चार दिवस लवकर गेलात तर नुसता दुधाळ चीक, उशीर केलात तर जोंधळा. लोक याला निसर्गाची किमया म्हणतात. माझ्या मते ही मालाच्या वाहतुकीत मधेच केलेली लूट आहे, आणि ती वाट्या पसरून करावी. सुरती वाणाच्या हुरड्याचे कौतुक करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्या पानातली चटणी तेवढी उचलतो.

मूळ मुद्दा मात्र टेलचा, म्हणजे पाण्याच्या वाटेवरच्या शेवटच्या टोकाचा आहे. कालव्यावर हेडचा शेतकरी भिजतो आणि टेलचा वाट बघतो, हे भीमेकाठी कुणाला सांगावे लागत नाही. शहरासाठी उजनीतून नदीत सोडलेले पाणी औज बंधाऱ्यापर्यंत पोचेतो त्याला वाटेत किती मोटारी भेटतात! ताटात उलटे चालते. ओढ शेंड्याकडून सुरू होते, म्हणून टंचाईत आधी तळची जुनी पाने माना टाकतात आणि शेंड्याचे कोवळे पान टिकून राहते. यावर शेवटचा आक्षेप असा की हा न्याय नव्हे, तळच्या पानांवर अन्यायच आहे. तो मला खोडता येत नाही. दाणा भरताना ती पाने स्वतःतले नत्र रसवाहिनीत सोडून देतात, वर कणसाकडे जाऊ देतात आणि पिवळी पडून वाळतात. कणीस दिसायच्या आधीपासून त्यांनीच ते ताट पोसलेले असते, आणि शेवटी त्यांना कडब्याच्या पेंडीत कोणी वेगळे ओळखतही नाही. घरोघरी अशी माणसे असतात. भाकरी मोडताना त्यांचे नाव निघत नाही.

हे सगळे कबूल केल्यावर मी नळाची मोटार काढणार का, असे कुणी विचारेल. तत्त्वतः हो. शेजाऱ्याने आधी काढावी.