एजंटचा हात

मला प्लॉट दाखवणारा एजंट कधी ‘घ्या’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘सर, ही जागा तुम्हालाच शोभते.’ मग कर्जत असो की मुळशी, समोरच्या माळावर मला बंगला दिसू लागतो, त्याचा व्हरांडा दिसतो आणि व्हरांड्यात विचारमग्न बसलेला मी तर फारच छान दिसतो. विकास आराखड्यात हा माळ शेती झोनमध्ये आहे का, असं त्या क्षणी विचारणं मला कोतेपणाचं वाटतं. मोठी माणसं झोन विचारत नाहीत.

एजंटचा हात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. तो सातबाऱ्याकडे कधी जात नाही, क्षितिजाकडे जातो. उघडा तळहात अर्धवर्तुळात फिरला की तिथून रिंग रोड जातो. तर्जनी पुढे झाली की शाळा, दोन बोटं म्हणजे मॉल आणि हॉस्पिटल, हात डोक्याच्या वर गेला की विमानतळ. एकाने खांदा दुखतो म्हटलं, तर मला सबंध तालुक्याच्या विकासाची काळजी लागली. ‘इथे घर बांधता येईल ना?’ म्हटलं की मात्र तो हात खाली येतो आणि मनगटातून हलकेच झटकला जातो. ‘एनए होऊन जाईल, सर.’

गंमत म्हणजे कायद्याला हा हात ठाऊक आहे. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १० सांगतं की एजंटने नसलेली मंजुरी असल्याचं लेखी, तोंडी किंवा दृश्य स्वरूपातही भासवू नये. दंड दिवसाला १०,००० रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. पण रेराचं नाव काढलं की तीच जमीन ‘शेतजमीन आहे हो, रेरा कुठे लागतो?’ होते आणि टोकनचा विषय निघाला की पुन्हा बंगल्याचा प्लॉट.

भविष्यनिर्वाह निधी ओतून सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. गुंठा त्यांचा, पण नेमका कुठला ते नकाशावर नाही. घर बांधायला परवानगी नाही. वर जो तो ऐकवतो, ‘कागद बघायचे होते.’ १८७२ च्या करार कायद्याचं कलम १९ सुद्धा विचारतं, साध्या दक्षतेने खरं कळलं असतं का? कळलं असतं, बघायलाच हवे होते. पण दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेणाऱ्या एजंटने ते का बघू नयेत? घेणारा आयुष्यात एकदा जमीन घेतो, हा रोज विकतो. चीड येते ती याची.

हल्ली मी झोन दाखला मागतो आणि बोललेलं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगतो. ‘पाठवतो, काका,’ म्हणतात. दाखला अजून एकाचाही आलेला नाही. त्याचं मला फारसं काही नाही. ‘काका’ मात्र लागलं.