दहा युरोंत राज्याभिषेक!

अहो, ऐकलंत का? ज्या फ्रेंचांनी २१ जानेवारी १७९३ रोजी भर चौकात आपल्या राजाचं मुंडकं उडवलं, तेच फ्रेंच दर वर्षी त्याच जानेवारीत घरोघरी राजे बसवतात! तेही कशावरून, तर पेस्ट्रीच्या तुकड्यावरून. इतपत ठीक होतं. पण आता हा राज्याभिषेक स्वस्तात उरकायची टूम निघालीय. बेकरीची पायरी चढायची नाही, रांगेत उभं राहायचं नाही. घरचाच ओव्हन तापवायचा आणि दहा युरोंच्या आत सहाजणांतला एक राजा करून मोकळं व्हायचं. काय म्हणावं या लोकांना!

प्रकरण मुळापासून सांगते. ६ जानेवारी हा तीन राजांचा सण. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आले ते हे राजे. आपल्या गोव्यातही हा सण थाटात होतो. रेइस मागोसला, चांदोरला मुलगे मुकुट-झगे घालून राजे होतात. पण तिथे राजे कोण, हे आधीच ठरलेलं असतं. फ्रान्समध्ये मात्र सगळा नशिबाचा खेळ. ‘गालेत दे रुआ’ नावाची एक गोल, चपटी, सोनेरी पेस्ट्री असते. वरखाली चिरोट्यासारखे खुसखुशीत पदर, मध्ये बदामाचं सारण आणि त्या सारणात दडवलेला एक ‘फेव्ह’. पूर्वी हा खराखुरा वाळलेला दाणा असायचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या जागी चिनी मातीची चिमुकली बाहुली आली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल, तो राजा. सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट त्याच्या डोक्यावर. (दक्षिणेत, प्रोव्हान्सकडे, बदामाचा पत्ताच नाही. तिथे संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असलेला ब्रियोश पाव आणि त्यावर साखरेत मुरवलेली रंगीत फळं. यावरून उत्तर-दक्षिण जे वाद होतात, त्यात आपण न पडलेलं बरं.)

आता किमतीचं ऐका. पॅरिसमधल्या नामांकित पेस्ट्रीवाल्याकडे सहाजणांची गालेत घ्यायला गेलात तर चाळीस युरो सहज जातात. गल्लीतल्या चांगल्या बेकरीतही वीस-पंचवीसच्या आत काम होत नाही. आणि सुपरमार्केटात? पाच युरोंच्या आत आख्खी गालेत, मुकुटासकट! मात्र तिचा पुठ्ठ्याचा डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. लोण्याच्या जागी वनस्पती तेल, आणि घटकांच्या यादीत बदाम साखरेच्या कितीतरी मागे. म्हणजे एकीकडे खिशाला भोक, दुसरीकडे जिभेची फसवणूक. मग मधला मार्ग म्हणून लोक स्वयंपाकघरात घुसले.

घुसले ते घुसले, पण निदान पदर तरी स्वतः लाटतील? छे! खऱ्या पद्धतीत कणकेच्या पोळीत लोण्याची जाड चादर गुंडाळायची, लाटायची, तीनपदरी घडी घालायची, फ्रिजमध्ये थंड करायची, की पुन्हा लाटायची. असं सहा वेळा. तीन गुणिले तीन करत सहा वेळा गेलात की ७२९ होतात, तेवढे लोण्याचे थर. ओव्हनच्या उष्णतेने लोण्यातल्या आणि कणकेतल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक थर वर उचलते. अर्धा दिवस जातो यात. आणि या बायाबापड्या काय करतात? सुपरमार्केटच्या थंड फळीवरून कागदात गुंडाळलेल्या दोन आयत्या पोळ्या उचलतात! वर तोंड करून सांगतात, ‘पाकिटावर शुद्ध लोण्याची म्हणून छापलंय.’ एखाद्या बेकरीवाल्याच्या कानावर हे गेलं तर तो बिचारा लाटणं खाली ठेवून खुर्चीत बसेल.

पण खरी खमंग बातमी सारणाची आहे. जरा जवळ या, हळू सांगते. साधी बदामाची क्रीम अगदी सरळ असते. शंभर ग्रॅम बदामपूड, शंभर ग्रॅम साखर, शंभर ग्रॅम मऊ लोणी, दोन अंडी. सगळं समसमान, फेटलं की झालं. मात्र बदाम महाग. मग त्यात दूध, अंड्याचा बलक, साखर आणि थोडं पीठ शिजवून केलेलं कस्टर्ड मिसळायचं, दोन भाग बदामाला एक भाग कस्टर्ड. सारण वाढतं, खर्च कमी होतो. ‘अगंबाई, भेसळ!’ म्हणालात ना? थांबा. याच मिश्रणाला फ्रांजिपान म्हणतात. होय, तेच फ्रांजिपान, ज्याचं नाव पाटीवर लिहून मोठमोठे पेस्ट्रीवाले गिऱ्हाइकं खेचतात! म्हणजे काटकसरीची युक्ती म्हणून आपण ज्यावर नाक मुरडत होतो, ती कित्येक पिढ्यांपासून काचेच्या कपाटात मानाने बसलेली. आता बोला.

आणि वासाचं तर विचारूच नका. गालेत कापली की घरभर जो गोडसर बदामाचा वास सुटतो, तो साध्या गोड बदामाचा नसतोच मुळी. तो कडू बदामाच्या अर्काचा. चमचाभर घातलात तर सगळं सारण औषधासारखं लागेल, म्हणून दोनच थेंब. आणि कडू बदामाचा म्हणून जो नैसर्गिक अर्क मिळतो, तो बऱ्याचदा जर्दाळूच्या बियांपासून काढलेला! बदामाच्या राज्यात जर्दाळू गादीवर बसलाय आणि कुणाला पत्ता नाही. काटकसरवाल्यांना मात्र तो पक्का माहीत. बदामपूड पंचवीस ग्रॅम कमी करायची, तेवढी हेझलनटची पूड किंवा थोडा रवा घालायचा आणि दोन थेंब अर्काचे टाकायचे. पाहुणे म्हणतात, ‘वा, काय बदाम आहे!’

कबूल करायलाच हवं, मांडणीत मात्र या लोकांनी हात आखडलेला नाही. एक पोळी पसरायची, कडेला दोन बोटं जागा सोडून सारण पसरायचं. फेव्ह कडेजवळ ठेवायचा, म्हणजे सुरी त्यावर अडकून भांडं फुटणार नाही. कड पाण्याने ओली करायची, दुसरी पोळी वर घालून दाबायची, आणि मग सगळी गालेतच उलटी करायची, म्हणजे सपाट गुळगुळीत बाजू वर येते. सुरीच्या पाठीने कडेला बारीक खाचा, वर बलकाचा हात, अर्धा तास फ्रिजमध्ये. पुन्हा एक हात. मग सुरीच्या टोकाने मध्यापासून कडेपर्यंत वळणदार रेघा. रेघ उमटली पाहिजे, पोळी चिरता कामा नये. मधोमध वाफ जायला एक छिद्र. १८० अंशांवर चाळीस मिनिटं, आणि बाहेर काढल्याबरोबर साखरेच्या पाकाचा हात, की चकाकी बघतच राहावी. यातलं काहीही विकत मिळत नाही आणि कशालाच पैसे पडत नाहीत. म्हणूनच बेकरीवाल्यांचा जळफळाट होत असावा.

आता घराघरांतल्या लबाड्या ऐका. नियम असा की घरातलं सगळ्यात धाकटं मूल टेबलाखाली जाऊन बसतं आणि ‘हा तुकडा कुणाचा?’ म्हटलं की खालून नाव सांगतं. निष्पक्ष निवडणूक! पण टेबलावर आई काय करते? तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरं काही डोकावतंय का, हे हळूच बघते आणि तुकडे असे फिरवते की रडक्या पोराच्याच ताटात मुकुट पडावा. काही घरांत तर दोन पोरांसाठी दोन फेव्ह! एका राज्यात दोन राजे, पण घरात शांतता. नवीन फेव्ह विकत घ्यायचीही गरज नाही. कुठल्याही फ्रेंच घराचा खण उघडा, मागच्या वर्षांच्या चार-दोन बाहुल्या सापडतील. नसतील तर आख्खा बदाम चालतो.

मोठ्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कचेऱ्यांमध्ये रिवाज असा की ज्याला फेव्ह मिळाला, त्याने पुढची गालेत आणायची. जानेवारीभर हे चालतं. मग काही चिक्कू मंडळी तोंडात कडक काही लागलं की चेहऱ्यावर रेषही न हलवता ते गालात लपवतात. जुन्या काळी तर म्हणे दाणा सरळ गिळून टाकत आणि म्हणूनच न गिळता येणारी चिनी माती आली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो-नसो, चिक्कूपणाला शोभणारी आहे.

आणि सगळ्यांवर कडी कुणाची? राष्ट्राध्यक्षांची! जिस्कार देस्तँ यांच्या काळात, १९७५पासून, बेकरीवाले एलिझे प्रासादात भलीमोठी गालेत घेऊन जातात, व्यास मीटरभराच्याही पुढे. पण तिच्यात फेव्ह नसतो, मुकुटही नसतो. प्रजासत्ताकाच्या अध्यक्षाने राजा होऊन कसं चालेल? क्रांतीच्या वेळी तर राजांचं नाव नको म्हणून हिचं नावच बदललं होतं, ‘समतेचा केक’ म्हणत होते. तत्त्व म्हणून थोरच हो. पण हिशेब बघा. फेव्ह नाही म्हणजे पुढची गालेत आणायची जबाबदारी नाही. सगळ्या फ्रान्समध्ये काटकसर साधली ती यांनीच!

तेव्हा आमच्या पंचायतीचा निकाल असा. आयत्या पोळ्या माफ. कस्टर्ड माफ. जर्दाळूचा वास, जुना फेव्ह, घरच्या पुठ्ठ्याचा मुकुट, सगळं माफ. लोण्यावर मात्र तडजोड नाही. २०१७च्या शरदात लोण्याचा तुटवडा पडून फ्रान्समधल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या, तेव्हाही जातिवंत बेकरीवाल्यांनी मार्गरीनकडे ढुंकून पाहिलं नसेल. तुम्हीही पाहू नका. करायचीच तर लहान करा, चारजणांची करा, पण लोण्याची करा, आणि कोमट असतानाच खा. दाताखाली फेव्ह आला तर गिळू नका, मुकुट घाला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना घरी बोलवा.