आलंदूरला गाडी बदलायची

चेन्नईतल्या गिंडीत सकाळी सव्वासातला दोनच गोष्टी ताज्या असतात, दूध आणि बातमी. दूध दाराशी येतं, बातमी मला कंपाउंडच्या भिंतीवरून मिळते. भिंतीपलीकडे अक्का राहतात. त्या तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत उतरली आणि साडेतीनशे वर्षं केळीच्या पानावर जेवली. माझी गिरगावातली. दोघींना एकमेकींची मराठी जराशी चुकीची वाटते. पण सुधारायला गेलं तर बोलायला कोण उरणार, म्हणून दोघी गप्प बसतो. म्हणजे त्या विषयावर गप्प बसतो.

"काल रविवारी कुठं गायब होता अक्का? दोनदा हाक मारली."

"चर्चला गेल्ते."

माझ्या हातातली कोथिंबीर थांबली. "चर्चला? तुम्ही? उजाडल्यापासून देवघरात घंटा वाजते तुमच्या!"

"घंटा वाजवून मगच गेले. शाळेत माझ्याबरोबर शिकवायची ना, ती मैत्रीण. तिचं चर्च. पुरसवाक्कमला."

"अहो, चर्च पाहिजे तर इथं काय कमी आहेत? हाकेवर चिन्नमलै, पलीकडे परंगिमलै. सेंट थॉमस म्हणे एका टेकडीवर लपले आणि दुसरीवर गेले. साक्षात येशूच्या शिष्याला सोडून पुरसवाक्कमपर्यंत कशाला?"

"ते मोठे लोक, वैनी. तिथं गर्दी फार. मला लहान बरं वाटतं." अक्कांनी भिंतीवरची वाटी सरकवली. त्यात वत्तकुळंबू होतं. लांबणार असेल तेव्हा त्या आधी वाटी सरकवतात.

"युनिटेरियन म्हणतात त्यांना," त्या म्हणाल्या. "बाकीचे ख्रिस्ती म्हणतात बाप, लेक आणि पवित्र आत्मा, तिघं मिळून एक देव. हे म्हणतात, हिशेब कशाला वाढवायचा? देव एक. येशू मोठा गुरू, पण देव नव्हे. आणि बाकी तू काय मानतोस ते तुझ्या विवेकाला विचार."

"अय्या, म्हणजे आमचा प्रार्थना समाज!"

"तो काय?"

"गिरगावात बसथांबा आहे."

अक्का हसत सुटल्या. मलाही हसू आलं, पण घशाशी काहीतरी अडकलंच. आमचं खरंच तसं झालंय. लहानपणी मी रोज कंडक्टरला 'एक प्रार्थना समाज' म्हणून तिकीट मागायचे आणि त्या नावाची एक इमारत आहे, आत माणसं बसून तुकोबांचे अभंग म्हणत, हे मला कॉलेजात कळलं. १८६७ साली आत्माराम पांडुरंगांनी काढलेला, रानडे-भांडारकरांनी वाढवलेला समाज. माझ्या लेखी तिथं फक्त ट्रॅफिक तुंबायचं.

"तुमचं चर्च कुठल्या गोऱ्या पाद्र्यानं काढलं?" मी विचारलं.

"तिथंच तर गंमत आहे. पाद्री नाही, गोरा नाही. नोकर."

मग अक्कांनी सांगितलेली गोष्ट अशी. अठराव्या शतकात इथला एक पोरका मुलगा, तिरुवेंगडम वेल्लाळ. गुलाम म्हणून विकला गेला, इंग्लंडात जाऊन पोचला, बाप्तिस्मा घेऊन विल्यम रॉबर्ट्स झाला. तिथं त्याच्या हाती पडली थिऑफिलस लिंडसे आणि जोसेफ प्रीस्टली यांची पुस्तकं.

"प्रीस्टली म्हणजे ऑक्सिजनवाला?"

"तोच. आणि सोडावॉटरही त्याचंच. इथं कोपऱ्यावर पन्नीर सोडा पिता ना, तेव्हा त्याचं नाव घ्यायचं."

ज्या जगाला त्याचा सोडा गोड लागला, त्याच जगाला त्याचा धर्म मात्र कडू लागला. १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगेखोरांनी त्याचं घर जाळलं. पण पुस्तकं जळून संपत नसतात. ती या मद्रासी चाकराच्या गाठोड्यात बसून परत आली. परतल्यावरही त्यानं साहेबाच्या घरी चाकरीच केली आणि १७९५ साली आपल्यासारख्या चार माणसांना जमवून उपासना सुरू केली. प्रार्थना तमिळमध्ये आणल्या, पुस्तिका लिहिल्या. १८१३ मध्ये पुरसवाक्कमला छोटं देऊळ उभं राहिलं. १८३८ मध्ये तो गेला, मग मुलानं चालवलं.

"१७९५?" मी बोटं मोजली. "आपल्या गिंडीचं इंजिनियरिंग कॉलेज १७९४ पासूनची परंपरा सांगतं. तेव्हा ते मोजणी शिकवायची शाळा होतं."

"बघा. सरकारनं जमीन मोजायला शाळा काढली आणि दुसऱ्याच वर्षी एका नोकरानं देव मोजले. एकच निघाला."

असं काही बोलल्या की अक्का लगेच मागे वळून कुंडीला पाणी घालतात. दाद मागून घ्यायची नाही, हा तंजावरी रिवाज असावा.

मी मनातल्या मनात जुळवत होते. कुणी धर्मोपदेशक पाठवला नाही, कुणी पैसे पाठवून बाटवलं नाही. माणूस वाचत गेला आणि आपल्या पायानं तिथं पोचला. खासी टेकड्यांतही असंच झालं. हाजोम किसोर सिंह यांनी १८८७ मध्ये तिकडे एकेश्वरी उपासना सुरू केली, आधी स्वतः विचार करून, मग कळलं की असं मानणारे आणखीही आहेत. आणि आपले विठ्ठल रामजी शिंदे? जमखंडीचा मुलगा १९०१ साली युनिटेरियन लोकांच्या मदतीनं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेला. तिथं धर्मशास्त्र शिकलाच, पण विलायतेतल्या गरीब वस्त्यांत ही मंडळी काय काम करतात तेही बघत फिरला. परत आल्यावर त्यानं मुंबईत नुसती प्रवचनं दिली नाहीत. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी 'भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी' काढली आणि परळला अस्पृश्य मुलांची शाळा सुरू केली.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं. त्यात पंढरपूरही घातलं. विठोबाच्या गावात टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी १८७५ मध्ये बालकाश्रम निघाला आणि तो प्रार्थना समाजानं चालवला. वारीला लाखो जातात, आणि ती पोरं सांभाळली मूठभर लोकांनी.

"मूठभर," अक्का म्हणाल्या. "तोच शब्द."

"पण अक्का, खरं सांगा. एवढ्याशा चर्चनं काय सेवा होणार? शाळा, दवाखाने काढायला मोठी संस्था लागते."

अक्कांनी पाण्याची झारी खाली ठेवली.

"वैनी, २०१५ चा डिसेंबर आठवतो?"

आठवतो तर. चेंबरंबाक्कमचं पाणी सोडलं आणि अडयार सैदापेटच्या पुलाला टेकली. आमच्या गल्लीत आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, मग खालच्या मजल्याची कुलपं दिसेनाशी झाली. वीज नाही, फोन नाही.

"मदतीच्या मोठ्या गाड्या आल्या, चांगल्या आल्या," अक्का म्हणाल्या. "पण केव्हा? त्या पहिल्या रात्री गच्चीवर कोण होतं? आपण. मागच्या घरातल्या आजोबांना इन्सुलिन लागतं, हे कुठल्या कार्यालयाला ठाऊक होतं? तुम्हाला होतं. ते फ्रिजमधून काढून ओल्या फडक्यात कुणी गुंडाळलं? मी. मोठ्याला नकाशा माहीत असतो, लहानाला औषधाची वेळ माहीत असते."

मी कोथिंबीर पुन्हा निवडायला घेतली, कारण डोळ्यांचं काय करावं ते कळेना.

"माझी मैत्रीण म्हणते, मोठ्या चर्चमध्ये एक माणूस आला नाही तर कळतसुद्धा नाही. आमच्याकडे एक घर आलं नाही की गाणं पातळ होतं. संध्याकाळी त्या घरी फोन जातोच. आणि लहान जागेत प्रेक्षक व्हायची सोय नसते. एकानं सतरंजी घालायची, एकानं पेटी वाजवायची, एकानं चहा. तिथं चाळीस वर्षं रसोईचं बघणारी बाई मेली तेव्हा कळलं म्हणे, की तिनं कधी प्रवचन ऐकलंच नव्हतं. पण चर्च तिच्यावर चालत होतं."

"आणि तुम्ही? घंटा वाजवून तिथं जाता, त्यांना चालतं?"

"मी पहिल्यांदा विचारलं होतं, मी काय मानायला पाहिजे? मैत्रीण म्हणाली, आधी हा पंखा लावायला मदत कर."

आतून 'यांची' हाक आली. चहा अजून झाला नव्हता आणि भिंतीवर उन्हाची रेघ वीट बदलून खाली सरकली होती. मी वाटी उचलली.

"अक्का, पुढच्या रविवारी मला नेता?"

"तमिळ गाणी येतात?"

"नाही."

"खुर्च्या मांडता येतात?"

"त्या कुणालाही येतात."

"मग झालं. गिंडीहून मेट्रो घ्यायची, आलंदूरला गाडी बदलायची, नेहरू पार्कला उतरायचं."

मी ऐकलं 'आळंदीला'. तसं म्हटलंही. अक्कांनी माझी मराठी आजवर कधी सुधारली नव्हती, आजही सुधारली नाही.

"हां," त्या म्हणाल्या, "तिथंच बदलायची. आणि येताना वाटी आणा, रिकामी नको."