डोंबिवलीत आत्ता कुठे साडेनऊ

रात्री बाराला घरात सगळं निजानीज झालं की ‘चल, जरा काहीतरी खाऊन येऊ’ म्हणणारा मराठी माणूस क्वालालंपूरमध्ये हमखास भेटतो. आठ वाजता तो वरणभात, पोळीभाजी रीतसर जेवलेला असतो. पण मलेशियाचं घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आणि ह्याचं पोट अजून लोकलमधून उतरून घरी जेवायला येणारं. ‘डोंबिवलीत आत्ता कुठे साडेनऊ होतायत,’ असं म्हणत तो चपला पायात सरकवतो. सकाळी आठच्या मीटिंगला हाच हिशेब ‘आपल्याकडे साडेपाच’ असा कामाला येतो. फारच कोंडीत पकडलं, तर इतिहास काढतो. १ जानेवारी १९८२ला इथल्या सरकारने घड्याळ अर्धा तास पुढे ढकललं. तो अर्धा तास सरकार आपलं देणं लागतं, असं त्याचं ठाम मत आहे.

जायचं कुठे हे विचारायचं नसतं. मामकवर. तमिळ मुसलमानांनी चालवलेलं, बहुधा रात्रभर उघडं, निम्मी टेबलं फुटपाथवर मांडलेलं हॉटेल. भिंतीवर मोठ्या पडद्यावर इंग्लंडातला फुटबॉल. तिथे दुपारी तीनला सुरू होणारा सामना हिवाळ्यात इथे रात्री अकराला लागतो, त्यामुळे बायकोला सांगायला कारण मिळतं. ऑफसाइड म्हणजे काय हे ह्याला अजून कळलेलं नाही. पुढच्या टेबलावरची मलय पोरं ओरडली की हा क्षणभर उशिराने ओरडतो.

ऑर्डर देण्यात मात्र तो कुणाला ऐकत नाही. ‘अने! तेह तारिक कुरांग मानिस, रोती कोसोंग दुआ, बांजिर!’ चहा, साखर कमी. साध्या रोत्या दोन, वर आमटीचा पूर. ऑर्डर घेणारा बांगलादेशी पोरगा हिंदी सिनेमांवर वाढलेला. तो सगळं लिहून घेतो आणि शांतपणे विचारतो, ‘भैया, और कुछ?’ ह्याला ते जिव्हारी लागतं. उत्तर तो मलय भाषेतच देतो.

पाहुणा नवा असेल तर त्याला रोतीवाल्यासमोर उभं केलं जातं. तेलात मुरवलेला पिठाचा गोळा तो माणूस स्टीलच्या ओट्यावर थापतो, उचलून हवेत फिरवतो, पुन्हा आपटतो. चार फेऱ्यांत त्याचा एवढा पातळ पदर होतो की खालचा ओटा दिसावा. मग चौकोनी घडी आणि तवा. खरपूस झाली की गरम रोती ओट्यावर टाकून दोन्ही बाजूंनी तळहातांनी चेपतो, आणि घट्ट बसलेले पदर भसाभस सुटे होतात. ‘बघितलंस?’ आमचा माणूस विचारतो, जणू पीठ ह्यानेच मळलं होतं.

२०२४मध्ये युनेस्कोने मलेशियाच्या न्याहारीच्या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. त्यात नासी लमाक, रोती चानाय आणि तेह तारिक आलेच. तेव्हापासून रात्री दीडला रोती खाणं म्हणजे जागतिक वारशाचं जतन, तेही सगळ्यांच्या आधी.

ह्याची खरी परीक्षा नासी कांदारच्या काउंटरवर होते. पिनांगच्या फेरीवाल्यांनी कावडीतून भात-कालवण विकायला सुरुवात केली, त्याचं हे आजचं रूप. भातावर चार-पाच रश्शांची सरमिसळ ओतून घ्यायची. भाव बऱ्याचदा लिहिलेले नसतात. काउंटरवरचा माणूस ताटाकडे एकदा बघतो आणि आकडा सांगतो. म्हणून आमचा माणूस माकुळाचे तुकडे भाताखाली सरकवून, वर भेंडी मांडून, गरीब चेहऱ्याने उभा राहतो. आकडा तरीही माकुळाचाच येतो. त्या नजरेतून आजवर कुणी सुटल्याचं ऐकिवात नाही.

शाकाहारी पाहुण्यांची तो मनापासून काळजी घेतो, ती अशी: ‘सांबालच्या चटणीत मासे नाहीत, फक्त बेलाचान आहे. म्हणजे जवळा कुटून आंबवलेला. चवीपुरता.’

यंदा सासरे आले. मधुमेही, रात्री आठनंतर पाण्याखेरीज काही न घेणारे. पहिल्या रात्री जावयाच्या आग्रहाखातर नुसते सोबत म्हणून आले आणि चहावाल्याकडे बघत राहिले. हातभर उंचीवरून एका मगातून दुसऱ्यात चहाची धार, खाली फेस, आणि थेंबही बाहेर नाही. ‘चव बघतो,’ म्हणाले. त्यात कंडेन्स्ड मिल्क असतं हे सांगायचं जावयाच्या जिभेवर आलं होतं, पण तेवढ्यात गोल झाला. दुसऱ्या रात्री त्यांनी रोती मागवली. तिसऱ्या रात्री सासूबाई घोरू लागल्यावर तेच दाराशी येऊन खाकरले, ‘आज मॅच नाहीये का हो, जावईबापू?’

परवा नाश्त्याला सासूबाई मोठ्या कौतुकाने लेकीला सांगत होत्या, ‘इथली हवा मानवली हो ह्यांना. आल्यापासून सकाळचा चहा आपणहून बिनसाखरेचा घेतायत.’ सासऱ्यांनी पोह्यांतून मान वर काढली नाही. जावई लिंबू आणायला आत गेला, तो लिंबू ताटात असताना.