कानामागून आली

माझ्या कानांचा मला फार गर्व होता. डोळे आईच्या वळणावर गेले, म्हणजे शाळेतच चष्मा लागला. केस वडिलांच्या वळणावर गेले, म्हणजे फारसे उरले नाहीत. पण कान माझे स्वतःचे होते. फळ्याकडे तोंड करून मी वर्गमूळ काढत असताना शेवटच्या बाकावर आवळासुपारीची पुडी सुटली, तर मागे न वळता म्हणायचे, "मला पण ठेवा गं." मुलींनी माझं एक टोपणनाव ठेवलं होतं. तेही मला ऐकू यायचं. तिखट कानाची बाई हा लौकिक मी माझ्या बी.एड.च्या वर मानत असे.

त्यामुळे साठीनंतर जगानं पुटपुटायला सुरुवात केली तेव्हा दोष कोणाचा, हे उघडच होतं. बातम्या देणाऱ्या मुली शब्द गिळू लागल्या. डोंबिवली स्टेशनवरची उद्घोषणा कुठल्या तरी परक्या भाषेत होऊ लागली. आणि आमचे हे मिशी नसताना मिशीतल्या मिशीत बोलू लागले. मी सगळ्यांना सुधारायचा प्रयत्न केला. "स्पष्ट बोला" हे वाक्य मी त्या काळात इतक्या जणांना ऐकवलं की इमारतीच्या रखवालदारानं मला पाहून नुसतं हात हलवायला सुरुवात केली.

मग ते शिडीप्रकरण झालं. समोरच्या फ्लॅटमधला तरुण संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "काकू, तुमच्याकडे शिडी आहे का?" मला ऐकू आलं, "काकू, तुमच्याकडे ईडी आली का?" मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडे यायचं काय कारण? माझं निवृत्तिवेतन बँकेत जमा होतं, यांचंही होतं, आणि दागिने म्हणाल तर हे मंगळसूत्र!" आणि दार लावून घेतलं. तो बिचारा हातात बल्ब घेऊन अंधारात उभा. पुढे आठवडाभर लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जास्तच अदबीनं वागत होते.

कान तपासणारी ऑडिओलॉजिस्ट माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं मला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि "टूं ऐकू आलं की दाबा" म्हणाली. आयुष्यभर परीक्षा घेतलेल्या बाईला परीक्षेला बसवलं की ती काय करते? कॉपी करते. मी काचेपलीकडची तिची बोटं बघून बटण दाबायला लागले. तिनं काहीही न बोलता माझी खुर्ची फिरवली. पुरती मुरलेली पर्यवेक्षक.

निकाल आलेखाच्या कागदावर आला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. गणिताच्या बाईंच्या हातात फुल्याफुल्यांनी भरलेला कागद, आणि तो तिचाच! आडव्या रेषेवर २५० ते ८००० हर्ट्झ. खालच्या पट्टीत माझा आलेख बरा चालला होता, वरच्या पट्टीकडे जाताना मात्र कसारा घाट उतरावा तसा खाली गेला होता. वयानुसार असंच होतं, ती म्हणाली. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि दमदार, ते पोहोचतात. स, श, ख, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि अशक्त, ती वाटेतच गळतात. आवाज येतो, अर्थ येत नाही. शिडीतला 'श' गळाला, 'इडी' पोहोचली आणि उरलेलं माझ्या मेंदूनं वर्तमानपत्रातून भरून घेतलं. जग पुटपुटत नव्हतं, असं तिनं सौम्य शब्दांत सांगितलं. यांचं काय, असं मी विचारलं. हे म्हणाले, "मी पुटपुटतो. ते वेगळं."

आता यंत्र. आमच्याकडे त्याला सगळे मशीनच म्हणतात. 'मशीन लावलंस का', 'मशीन काढलंस का', जणू मी पिठाची गिरणी आहे. कानामागे बसणारं, तिथून बारीक नळी कानात. जोडीच्या किमतीत बरी स्कूटर आली असती. कानामागून आली आणि तिखट झाली ही म्हण इतक्या शब्दशः माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

ते लपवण्यात मी जी बुद्धी खर्च केली, ती गणितात केली असती तर माझ्या नावाचं एखादं प्रमेय असतं. रंग 'स्किन कलर' होता. कोणाची स्किन, ते कंपनीला ठाऊक. आमच्या सात पिढ्यांत त्या गुलाबट पिवळ्या रंगाचं कोणी झालं नाही. सावळ्या कानामागे ते हळदीकुंकवाच्या गर्दीत पलीकडच्या भिंतीवरूनही दिसायचं. मग मी उरलेले केस कानांवर ओढले. यंत्राचा माइक कानामागेच असल्यामुळे प्रत्येक केस हलला की खसखस. गजरा खाली ओढला, तर कानात जंगल. पूजेला डोक्यावरून पदर घेतला आणि ऐन संकल्पाच्या वेळी मशीन कुंऽऽ करून वाजलं. त्याच्यातून निघालेला आवाज पदराला आपटून पुन्हा त्याच्याच माइकमध्ये जातो म्हणे. गुरुजींनी आधी खिसा चाचपला, मग स्वतःचा मोबाईल बंद केला, आणि जमलेल्या सगळ्यांकडे रागानं पाहिलं. मीही पाहिलं.

या लपवालपवीला मोठी परंपरा आहे, आणि इथं मला पोर्तुगालच्या राजाविषयी बोललंच पाहिजे. यांनी टाळायला सांगितलंय, कारण हल्ली मी हा विषय भाजीवाल्यापाशीही काढते. सहावा जुआंव. १८१८ मध्ये आमची पेशवाई बुडाली, तेव्हा गोव्यावर याची सत्ता होती, म्हणजे तसा तो आपला शेजारीच. स्वतः मात्र नेपोलियनच्या भीतीनं सगळा दरबार गलबतांवर चढवून ब्राझीलला जाऊन राहिलेला. आणि कानानं अधू. त्याच्यासाठी १८१९ मध्ये लंडनच्या एफ. सी. राइन यांच्या कारखान्यानं एक सिंहासन केलं. शब्दशः सिंहासन! दोन्ही हातांच्या टोकांना कोरलेले सिंह, त्यांची तोंडं उघडी, हात आतून पोकळ. सिंहाच्या तोंडात बोललेलं पोकळीतून मागे जायचं आणि तिथून नळीनं महाराजांच्या कानात. गंमत अशी की सिंहाच्या तोंडाशी तोंड न्यायचं तर माणसाला गुडघ्यांवर बसावं लागायचं. म्हणजे कमी ऐकू कोणाला येतंय? राजाला. आणि गुडघे कोण टेकतंय? ज्याला धड ऐकू येतंय तो!

मी कित्येक रात्री या खुर्चीवर बसून काढल्या आहेत. आमच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर ती ठेवलेली आहे. सोसायटीचे सचिव पाण्याच्या टँकरचा हिशेब द्यायला आले आहेत आणि डाव्या सिंहाच्या जबड्यात तोंड घालून बोलत आहेत. उजव्या सिंहाशी वन्सं. "जरा स्पष्ट," मी म्हणते. यांना चहा हवा असेल तर यांनीही रांगेत यायचं, गुडघेदुखीची सबब चालणार नाही. याच कारखान्यानं बायकांसाठी केसांत दडवायचे कर्णे केले, फुलदाणीसारखी दिसणारी यंत्रं केली, म्हणजे गजऱ्याची युक्ती माझी पहिली नव्हे. पण सगळ्यांत मला राजाचंच पटतं. लपवायचं नसेल तर इतकं मोठं करावं की लोकांनाच संकोच वाटावा. असो. (हे म्हणाले, "झालं का?" हेही मला ऐकू आलं.)

मशीन लावून घरी आले त्या दिवशी घरात कोणी नव्हतं, तरी मी घाबरून गेले. पिशवी चुरचुरली, फ्रिज कण्हला, माझ्याच चपला माझ्या मागून येऊ लागल्या. स्वतःचा आवाज रिकाम्या पिंपातून येतोय असा. ऑडिओलॉजिस्टनं बजावलं होतं की मेंदू हे आवाज विसरलाय, त्याला पुन्हा शिकवावं लागेल, रोज वापरा. यांनी बॅटरीचं खातं आपल्याकडे घेतलं. बटणाएवढी जस्त-हवेची बॅटरी. तिचा चिकट तुकडा सोलला की आत हवा जाते आणि ती जिवंत होते. रेल्वेत नोकरी झाल्यामुळे हे सोलल्याची तारीख आणि वेळ वहीत लिहितात. बॅटरी संपण्यापूर्वी मशीन टिंगटिंग करतं. हे त्याच्याआधी येऊन उभे राहतात.

आणि मग गणपती आले, आणि मोदकाच्या पंगतीत मला वन्संचं बोलणं पहिल्यांदा मूळ संहितेत ऐकू आलं.

याआधी काय व्हायचं, ते सांगायला हवं. चार माणसं एकदम बोलायला लागली की माझ्यापर्यंत नुसता गलका यायचा. मग हे शेजारून सारांश सांगायचे. रेल्वेच्या वेळापत्रकासारखा, कोरडा. विनोदाचा सारांश तर इतका कोरडा की हसायचं कुठं, तेही सांगावं लागायचं. पण विश्वासाचा. "ताई म्हणतेय मोदक छान झालेत." मी वन्संकडे बघून हसायचे, त्याही हसायच्या. वन्संना आपल्या हाताची चव कळते, या समजात माझी बरीच वर्षं आनंदात गेली.

यंदा वन्संनी मोदकाची कळी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "पारी यंदाही जाडच. आणि सारणात जायफळ आहे की नाही, तो गणपतीच जाणे." मी यांच्याकडे पाहिलं. हे माझ्या मशीनचा विचार न करता, सवयीनं माझ्याकडे झुकले आणि म्हणाले, "ताई म्हणतेय, मोदक छान झालेत."

रात्री हे ताटं विसळत होते. मी विचारलं, "वन्सं दर वर्षी असंच म्हणतात?"

"स्तुतीच करते," हे पाण्याकडे बघत म्हणाले. "जरा वेगळ्या शब्दांत."

मग एकेक उलगडत गेलं. माझी कविता ऐकून शेजारच्या आजोबांनी काढलेले उद्गार, विहिणीनं साडीवर दिलेला अभिप्राय, सुनेचं ते "आईंची काही हरकत नसते". सगळं यांच्या मिशीतून गाळून आलेलं. जगाला मी किती आवडते याबद्दलचं माझं मत बऱ्याच अंशी एका निवृत्त स्टेशनमास्तरनं रचलेलं होतं. राग यावा की काय यावं, ते कळेना. मी मशीन काढून डबीत ठेवलं आणि ताटं पुसायला घेतली.

चीड मला दुसऱ्याच गोष्टीची येते. टेबलाभोवती सगळे हसतात, मी विचारते "काय झालं?", आणि उत्तर येतं, "काही नाही गं, जाऊ दे." एकदा सांगितलेला विनोद पुन्हा सांगायला कंटाळा येतो, हे मान्य. पण दार लावून घेण्याचा इतका सभ्य प्रकार दुसरा नसेल. वर, "मशीन लावलंय ना, मग?" चष्मा लावला की दिसतं, मशीन लावलं की ऐकू आलं पाहिजे, असा हिशेब. हॉटेलच्या गोंगाटात मशीनला काय ठाऊक की मला तुमचं ऐकायचंय, पलीकडच्या टेबलावरच्या चमच्याचं नाही? मग लोक ओरडतात. ओरडल्यानं ते 'स', 'श' धडधाकट होत नाहीत, फक्त चेहरा भांडल्यासारखा होतो. समोर या, आधी नाव घ्या, तोंडावरचा हात काढा, नेहमीच्या आवाजात बोला. एवढंच लागतं. गुडघे टेकायची गरज नाही, हे मी मोठ्या मनानं सांगते आहे.

मशीनची तपासणी करायला गेले की तिथं एक चार वर्षांचा मुलगा भेटतो. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया होऊन त्याला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलंय. त्याचं यंत्र माझ्यासारखं आवाज मोठा करून देत नाही, तर कानाच्या आतल्या शंखात बसवलेल्या तारेतून थेट श्रवणाच्या नसेला विजेनं सांगतं. कानामागे प्रोसेसर, तिथून एक तार आणि तिच्या टोकाची चकती चुंबकानं डोक्याला चिकटलेली. प्रोसेसरवर त्यानं वाघाचं स्टिकर लावलंय. आई रागवायला लागली की तो शांतपणे ती चकती काढून हातात धरतो. झालं, संपलं, आई निःशब्द! ती हातवारे करते, तो दयेनं बघतो. असा अधिकार मी आयुष्यात कोणाकडे पाहिला नव्हता.

या मुलांचं वय दोन प्रकारे मोजतात, त्याची आई सांगत होती. एक जन्मापासूनचं, दुसरं यंत्र सुरू केलं त्या दिवसापासूनचं, ऐकण्याचं वय. तो चार वर्षांचा, ऐकण्यानं दोनचा. म्हणून त्याच्याशी दोन वर्षांच्या मुलाशी बोलावं तितकं बोलायचं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. ती माउली भिंतीशी बसून तासभर "बस आली. लाल बस आली. बस गेली" करत असते. "जाऊ दे" म्हणताना मी तिला अजून ऐकलेलं नाही. त्या हिशेबानं मी अजून रांगते आहे, हे मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "दात मात्र आलेत."

त्या मुलानं परवा माझं मशीन निरखून पाहिलं. बाजूला सारलेल्या केसांतून, अगदी जवळून. मग मला विचारलं, "तुझ्यावर वाघ का नाही?"

मी ऑडिओलॉजिस्टकडे रंगांची पाटी मागितली. तिनं मोठ्यांची पुढे केली: पिवळट, करडा, चंदेरी. मी म्हटलं, दुसरी दाखव. ती जरा बावरली. दुसरी लहान मुलांची होती. तीत मोरपंखी होता, लाल होता, झेंडूचा पिवळा होता. माझ्या मॉडेलचं वरचं कवच बदलता येतं, पण मागवावं लागेल, म्हणाली. मागव, म्हटलं. कुठला? मोरपंखी.

हे भिंतीकडे बघत काहीतरी म्हणाले. मशीन तिच्या टेबलावर उघडून पडलेलं, त्यामुळे मला नुसते स्वर ऐकू आले. मी ऑडिओलॉजिस्टला विचारलं, "काय म्हणाले?"

ती हसू दाबत म्हणाली, "काका म्हणाले, तुम्हाला छान दिसेल."

"खरं सांग."

"सिंहाचं तोंड मिळेल का, विचारतायत."